सीटचं माप

गाडी घरी आली त्या दिवशी सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, हार घातला. मी वर बसले आणि पाय खाली सोडले, तर अंगठे तेवढे कसेबसे फरशीला लागले. शेजारीपाजारी पेढे खात उभे होते. नवरा म्हणाला, "सवय होईल."

स्कूटर खरं तर माझ्यासाठी घ्यायची ठरली होती. आम्ही अंबडला राहतो आणि माझी शाळा आडबाजूच्या गावात. एसटी फाट्यावर सोडते, पुढं कुणाची मोटरसायकल मिळाली तर ठीक, नाहीतर पायपीट. कित्येक वर्षं मी त्या फाट्यावर येणाऱ्याजाणाऱ्याची तोंडं बघत उभी राहिले होते. नवरा जालन्याच्या एमआयडीसीत कामाला. तो मित्राच्या गाडीवर जातो. पण दुकानात गाडी पसंत केली त्यानं. "लहान गाडी खड्ड्यात दणके देते. ही दमदार आहे. शिवाय रविवारी मलाही चालवता येईल." त्या 'शिवाय'मध्येच सगळं आलं. तो चांगला उंच आहे, मी त्याच्या खांद्याला लागते.

मग सल्ले सुरू झाले. जाऊबाई म्हणाल्या, उंच टाचेची चप्पल घाल. शाळेतले एक सर म्हणाले, ब्रेक मारला की एका बाजूला कलायचं, एकच पाय टेकवायचा. या सरांना स्वतःला कलायची वेळ कधी आली नसावी. मी टाचा घातल्या, कललेही. आणि एके सकाळी शाळेच्या फाटकासमोर, आडवी आलेली शेळी बघून ब्रेक मारला, डावा पाय टेकवायला गेले तर खाली उतार. गाडी आडवी, मी आडवी, आणि अख्खी शाळा प्रार्थनेला उभी. कोपर खरचटलं त्याचं काही नाही. सातवीची पोरं माझी गाडी उचलत होती, तेव्हा मला रडू फुटायचं राहिलं होतं फक्त.

संध्याकाळी नवऱ्यानं निकाल दिला. "राहू दे तुझं. हातपाय मोडून घेशील. गाडी मी वापरतो, सकाळी तुला फाट्यावर सोडत जाईन." पुन्हा फाटा! मी म्हटलं, आधी सीट कापून बघू. तो तयार झाला, पण म्हणाला, "ही शेवटची खटपट."

कोर्टाच्या रस्त्यावर सीटचं दुकान आहे. आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं लगेच खुर्ची पुसून पुढं केली. "ताई, तुम्ही बसा निवांत. सायेब, तुम्ही जरा गाडीवर बसून दाखवा, माप घेऊन टाकतो." नवरा बसला. गुडघे वाकवले, आखडून घेतले आणि म्हणाला, "ती साधारण एवढी धरा." दुकानदारानं खडूनं खूण केली. मी खुर्चीवरून म्हटलं, "मी बसू का?"

"रस्त्यावर? बाजारची गर्दी आहे, लोक बघतात," नवरा हळूच म्हणाला.

"बराबर माप घेतलंय ताई, बिलकुल काळजी करू नका," दुकानदार म्हणाला.

कपड्याच्या दुकानात माझी साडी कुणी नवऱ्याला नेसवून बघत नाही, पण गाडीचं माप मात्र त्याचं.

व्हायचं तेच झालं. उंच माणूस मागं सरकून बसतो, मी पुढच्या टोकाला बसते. फोम कापला होता तो नेमका मागं. बसले की मी त्या खोलगट जागेत घसरायचे. हँडल लांब जायचं आणि जमिनीला टेकणारे अंगठेही अधांतरी व्हायचे. नवरा मात्र एक चक्कर मारून आला आणि खुशीत म्हणाला, "किती आरामशीर झाली गं!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर घरी आले आणि एकटीच, गाडी ढकलतच, त्या दुकानासमोर गेले. दुकानदार म्हणाला, "सायेब न्हाई आले? त्यांना घेऊन या, मंग बघू." गाडी स्टँडवरून काढली, पदर खोचला आणि बसले, बाजारच्या भर गर्दीत. समोरच्या हॉटेलातले लोक चहा हातात धरून बघत राहिले. बघा म्हटलं.

"इथं कापा. आणि या कडाही, मांड्या फाकतात म्हणून पाय पुरत नाहीत."

"ताई, असं केलं तर सायबांना बसता यायचं न्हाई."

"शाळेत कोण जातं? सायेब का मी?"

तो कापत गेला, मी बसत गेले. कापायचं, बसायचं, परत कापायचं. शेवटी दोन्ही चवडे जमिनीला टेकले, नीट, भार घेऊन. मी हँडल धरून तशीच बसून राहिले. उठावंसंच वाटेना.

रविवारी नवऱ्यानं किल्ली घेतली आणि अंगणातूनच परत आला. "अगं, हे काय करून आणलंस? पुढं घसरतो मी, गुडघे हँडलला लागतात. कशी चालवायची मी ही?"

मी हात पुढं करून किल्ली मागून घेतली.

"सवय होईल," म्हटलं.