भांग नावाचा खडक

आमच्या साताऱ्याकडे भांग म्हणजे केसांतला. फार तर होळीच्या दिवशी प्यायची. त्यामुळे रत्नागिरीच्या भाईंचा व्हॉइस मेसेज आला, "शुक्रवार पक्का. भांगाला जाऊ, पाणी निवळ असतं," तेव्हा मला वाटलं, भांग हे डायव्हिंगच्या एखाद्या खडकाचं नाव असणार.

भाई इथे आखातात, मुशैरिबच्या आमच्या ऑफिसात अकाउंट्स बघतात आणि सुट्टीच्या दिवशी आम्हा चार-पाच डायव्हरांची बोट ठरवतात. माझी मुलगी पुण्याहून कॉलेजच्या सुट्टीत आली होती. डायव्हिंग आम्ही दोघं एकत्रच शिकलो. त्यानंतर दर सुट्टीत मी तिला किनाऱ्यापासून लांबच्या प्रवाळखडकावर न्यायचं कबूल करतो, आणि दर वेळी काहीतरी निघतं. कधी ऑडिट, कधी माझा दुखरा कान.

या वेळी मी सगळं नीट केलं, असं मला वाटत होतं. हा शुक्रवार डायव्हला, पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी तिचं पुण्याचं विमान. शनिवारी तिचं कॉलेजात सबमिशन. थंडीतल्या पाण्यासाठी जाड सूट आणले, सिलिंडर सांगून ठेवले. मुलगी नकाशात भांग शोधत बसली.

"बाबा, देअर इज नो भांग."

"कोळ्यांनी ठेवलेली नावं नकाशात नसतात," मी ठासून सांगितलं. कुठून आणलं हे ज्ञान, कोण जाणे.

गुरुवारी भाई लवकर घरी गेले होते, म्हणून दुपारी त्यांना फोन केला. बोट द पर्लच्या धक्क्यावरून सुटणार की दुसरीकडून, एवढंच विचारायचं होतं.

"उद्या?" भाई म्हणाले. "अवो, उद्या उधाण आहे. पौर्णिमा झाली परवा. पाण्याला अशी ओढ असेल की दोरी सोडलीत तर इराणात निघाल."

"पण तुम्हीच म्हणालात, भांगाला."

"तेच तर! अष्टमीचा भांग. भरती मंद, पाणी शांत. पुढचा शुक्रवार." मग एकदम त्यांना उमगलं. "तुम्ही काय जागा समजलात?" ते इतके हसले की त्यांच्या बायकोने मागून विचारलं, काय झालं.

मला हसू आलं नाही. डायव्ह केल्यावर किमान एक दिवस विमानात बसायचं नाही, हा नियम आम्हा दोघांना पाठ आहे. पुढच्या शुक्रवारी सकाळी डायव्ह केली तर संध्याकाळचं विमान गेलं, आणि सबमिशन चुकवता येणार नव्हतं.

घरी उम्म सलालला येईपर्यंत मी तो मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. 'हा शुक्रवार' असं भाई कुठेच म्हणाले नव्हते. मग मी ते का ऐकलं? की न कळलेलं विचारायचं मी टाळलं, म्हणजे या वेळीही काहीतरी निघावं? मला त्या खोल पाण्याची भीती वाटते, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. पण मग सूट का आणले? मला खरंच कळत नाही. अजूनही.

बायको म्हणाली, "विचारायला काय जात होतं तुमचं?"

मुलीने नवा जाड सूट घडी करून कपाटात ठेवला. ते जास्त लागलं. मग तिने विचारलं, "स्नॉर्कल करून फ्लाय करता येतं ना?"

वर तरंगायला हरकत नव्हती. पुढच्या शुक्रवारी तिची बॅग गाडीत टाकूनच आम्ही धक्क्यावर गेलो. खडकापाशी नांगर पडला. पाणी खरंच निवळ होतं. बाकीचे सिलिंडर चढवून एकेक करून उतरले. भाई मला म्हणाले, "तुम्हाला कुठं विमान आहे? चला, यल्ला."

मुलगीही म्हणाली, "गो, बाबा. मी वर आहे."

मी नको म्हणालो. तिच्यासाठी थांबलो की भीतीने, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी फक्त मास्क घातला.

तिच्या मास्कमध्ये केसांची बट अडकली होती, तिथून पाणी आत शिरलं असतं. मी ती बट काढून मागे सारली.

"सो धिस इज भांग," ती म्हणाली, आणि आम्ही पाण्यात तोंड घातलं. खूप खाली, निळसर धूसर, तो खडक दिसत होता. त्याच्या वर बाकीच्यांचे बुडबुडे.

तिने माझा हात धरला होता. की मी तिचा.