आधी पैसे, मग पंखा

माझ्या खोलीतला पंखा माझी मोठी जाऊ तिच्या खोलीतून बंद करायची.

मुलुंडला आमच्या दोन खोल्या एकामागे एक होत्या. पुढची थोरल्या दिरांची, मागची आमची. सासूबाई झोपायला पुढे आणि जेवायला मागे. मीटर एकच, दिरांच्या नावावर, पुढच्या खोलीच्या दारावर. त्याखाली लाकडी फळीवर दोन फ्यूज, एक त्यांचा आणि एक आमचा. आमचा उपसला की मागे भरदिवसा अंधार, कारण आमची खिडकी शेजारच्या चाळीच्या भिंतीवर उघडायची, म्हणजे न उघडल्यासारखीच.

मी लग्न होऊन आले तेव्हा बिल आल्यावर अर्धं अर्धं करायची पद्धत होती. प्रत्येक बिलाला भांडण ठरलेलं. तिच्याकडे टीव्ही होता, माझ्याकडे इस्त्री. हे औषधांच्या दुकानात काउंटरवर उभे असायचे, त्यांना रोज कडक शर्ट लागायचा.

"टीव्हीला काय लागतं गं? इस्त्रीच खाते सगळं," ती म्हणायची.

"वहिनी, तुमचा टीव्ही शेंडेफळ झोपेपर्यंत चालू असतो. माझी इस्त्री एका शर्टापुरती."

"तू क्वार्टरमधली. तुला काय कळणार बिल म्हणजे काय!"

हे तिचं आवडतं वाक्य. माझं माहेर चेंबूरला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये. तिथे लाइट कंपनीची, पंखा कोणी बंद करायचं नाही. माझ्या अंगातली ती सवय तिने पहिल्याच आठवड्यात हेरली होती आणि गल्लीत सगळ्यांना सांगून झाली होती.

एका बिलावरून फारच वाजलं, तेव्हा तिने नियम काढला. पगार झाला की लाइटचे पैसे आधी तिच्या हातात द्यायचे. ते संपले की संपले. परत हवी असेल लाइट तर परत पैसे द्या.

ते संपले कधी, हे कशावरून ठरायचं ते तिलाच ठाऊक. मीटर दोन्ही घरांचा मिळून एक फिरायचा, त्यातलं आमचं किती हे त्या चकतीलाही सांगता आलं नसतं. पण महिना सरत आला की ती मागच्या दारात यायची, कमरेवर हात ठेवून म्हणायची, "तुमचे संपत आले हं." कधी नुसतं सांगायची, कधी न सांगता फ्यूज काढायची.

यांना मात्र तो नियम पसंत होता. "बरं आहे ना. एकदा दिले, सुटलो. बिल येईल तेव्हा किती येईल, ही धाकधूक नको."

"सुटलो कुठे? ती रोज दारात उभी असते."

"ती काय, बोलते. बोलू दे."

सासूबाईंनी मला एकदा यामागची गोष्ट सांगितली होती. सासरे आजारी असताना, माझ्या लग्नाआधी, बिल थकलं. लाइटवाले आले आणि सगळ्या गल्लीदेखत वायर तोडून गेले. जाऊ तेव्हा या घरात नवीन होती. घरात आजारी माणूस, म्हणून शेजाऱ्यांकडून वायर ओढायला तीच गेली, आणि पहिल्या दोन घरांनी तिला नाही म्हटलं. तेव्हापासून तिला पैसे आधी हातात लागायचे, दूधवाल्याचेही तीच आधी द्यायची. हे ऐकून मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. दुसऱ्याच्या दारात उभं राहणं काय असतं हे जिला माहीत, तिनेच मला ते रोज करायला लावावं, याचा उलट जास्त राग आला.

मग मे महिन्यात माझे बाबा आले. त्यांना बांगड्याचं तिखलं आवडायचं, ते केलं होतं. पत्र्याखाली दुपारची वेळ, बाबा बनियनवर पाटावर बसलेले, डोक्यावर पंखा. दुसऱ्यांदा भात वाढत होते तेवढ्यात पंखा हळू झाला आणि थांबला. बल्बही गेला. मला वाटलं गल्लीचीच लाइट गेली. पण पुढून टीव्हीचा आवाज येत होता.

मी पुढे गेले. जाऊ तांदूळ निवडत होती. आमचा फ्यूज तिच्या शेजारी जमिनीवर.

"वहिनी, बाबा जेवतायत."

"मग? पाहुण्याला फुकट लाइट असते का? तुमचे परवाच संपले. परवापासून मी माझ्यातली देतेय, ते नाही दिसलं तुला."

"लावा तो. हे आले की पैसे देतील."

"आले की नाही. आधी."

ती आवाज चढवून बोलत होती, मुद्दाम, मागे ऐकू जावं म्हणून. मी परत आले तेव्हा बाबा अर्ध्या अंधारात जेवत होते. मानेवरून घाम ओघळत होता. मी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालायला लागले तर म्हणाले, "राहू दे गं. बस." पान त्यांनी स्वच्छ संपवलं. निघताना चपला घालता घालता खिशातून पैसे काढले आणि माझ्या हातात ठेवायला लागले. मी हात मागे घेतला. ते तसेच गेले. पुढच्या खोलीतून जाताना जावेला म्हणाले, "येतो हां." तिने वर पाहिलं नाही.

संध्याकाळी हे आल्या आल्या मी सांगितलं, "मला आपला मीटर हवा. आपल्या नावाचा. बिल येऊ दे, कितीही येऊ दे."

"आणि नाही भरता आलं तर?"

"तर लाइटवाले तोडतील. माझा बाप जेवायला बसलाय हे बघून तर तोडणार नाहीत."

हे मग भावाशी बोलायला गेले, नाइलाजाने. मी दाराआड उभी होते.

थोरले दीर ओरडणारे नव्हते, पण त्या दिवशी ओरडले. "दोन मीटर म्हणजे दोन घरं. बापाच्या खोलीची वाटणी करायला निघालास काय रे? बायको सांगते आणि तू ऐकतोस?" थोड्या वेळाने आवाज उतरला. "हवा तर सबमीटर बसवू मागे. तुमचं किती जळलं ते दिसेल. वायरमन ओळखीचा आहे."

हे लगेच वळले. "बघ, हे चांगलं आहे ना?"

मी बाहेर आले. "आणि पैसे?"

जाऊ चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "पैसे आधी. सबमीटर असो नाहीतर काही असो."

"मग नको. फ्यूज तुमच्याकडेच राहणार, मग सबमीटर घेऊन मी काय पूजा करू?"

"तोंड बघा हिचं," ती म्हणाली. त्यानंतर काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, एवढं आठवतं.

लाइटच्या ऑफिसात मी एकटीच गेले. भाडेपावती ज्यांच्या नावावर, त्यांची संमती आणा, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. पावती सासऱ्यांच्या मागे सासूबाईंच्या नावावर झाली होती. म्हणजे आता सगळं त्यांच्या अंगठ्यावर आलं. दोघेही मुलगे आणि जाऊ त्यांच्याशी एकाएकी गोड बोलायला लागले. जावेने त्यांना पहिल्यांदाच विचारून कोलंबी आणली.

मी गोड बोलले नाही. तवा ठेवता ठेवता विचारलं, "आई, देताय का नाही?"

त्यांनी तोंडातला भाकरीचा घास गिळला. "देतंय," म्हणाल्या. "पण तुझ्यासाठी नाय हां. तुमचा भांडाण ऐकान माझे कान किटले. वायली रवा, आपापल्या मीटरार, आणि गप रवा. आणि एक सांगतंय, माझ्या उशाक पंखो व्हयो. थोरली माका म्हातारीक वारो घालणा नाय."

मीटर मागच्या दारावर बसला. जाऊ त्या दिवशी मुलांना घेऊन माहेरी गेली आणि आठवडाभर आली नाही. आल्यावर तिने दोन खोल्यांमधलं दार तिच्या बाजूने कडी घालून बंद केलं आणि आम्ही मागच्या गल्लीतल्या दाराने ये-जा करायला लागलो. सासूबाई मग माझ्याकडेच झोपायला लागल्या आणि रात्रभर पंखा चालू ठेवायला लागल्या.

पहिलं बिल आलं ते माझ्या अंदाजापेक्षा बरंच जास्त. यांनी ते माझ्यापुढे धरलं. "घे. तुझा मीटर."

तेव्हापासून आमच्या घरात नवीन भांडण सुरू झालं. मी मोरीत गेले की हे खोलीतला बल्ब मालवायचे. इस्त्री तापायच्या आधीच बटण बंद करायचे आणि मग शर्टाला सुरकुत्या म्हणून कुरकुर करायचे. "बिल येईल," हा शब्द दिवसातून इतक्यांदा ऐकला की एकदा मी भरल्या ताटावरून उठले. "वहिनी निदान महिन्यातून एकदा बोलायच्या," मी म्हणाले. यांनी दोन दिवस अबोला धरला. मला बरंच वाटलं, शांतता होती.

पण बिल दर वेळी भरलं. कधी उशिरा, कधी दंड देऊन. वायर कोणी तोडली नाही.

बाबा पुढच्या मे महिन्यात आले नाहीत. मी बोलावलं, दोनदा निरोप पाठवला. "बघू," म्हणाले. दिवाळीत आले ते मागच्या गल्लीतून, पुढच्या खोलीत पाऊल न टाकता. जेवले, पंख्याखाली थोडे आडवे झाले, उठून गेले. 

काही वर्षांनी थोरल्या दिरांना दिंडोशीला घर मिळालं. सामान टेंपोत चढताना मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. जाऊ समोरून चारदा ये-जा करून गेली. वास्तुशांतीला यांना आणि सासूबाईंना बोलावणं आलं, मला नाव घेऊन आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुका येवक व्हया तर ये." मी गेले नाही. त्या दिवशी घरात एकटीच होते, दुपारी इस्त्रीचे कपडे काढले आणि साड्यासुद्धा इस्त्री केल्या.

नंतर ती लग्नकार्यात भेटत राहिली. गुडघे दुखतात, सून ऐकत नाही, असं इतरांना सांगताना कानावर यायचं. एकदा पंगतीत शेजारी बसायची वेळ आली, तेव्हा तिने माझ्या पानात मीठ वाढलं. मी ते न खाता पानात तसंच राहू दिलं.