विकलेलं मशीन

"दिलं की तुझं झालं. मला येऊन हिशेब सांगायचा नाही," असं म्हणत आपा नव्या शिलाई मशीनवरचं कापड जादूगारासारखं ओढायच्या.

मुलांनो, जुन्या नाशकात आपा आमच्या समोरच्या दारी राहायच्या आणि शिवणक्लास चालवायच्या. मुसलमान घरांत वर्षाच्या शिलकीतला ठरलेला वाटा गरजूंना देतात, ती जकात. रमजान आला की शेजारणी शिधा वाटायच्या. आपा आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी मात्र आपापला वाटा एकत्र करून एका बाईला मशीन घेऊन द्यायच्या. "शिधा महिन्यात संपतो, वहिनी. मशीनवर पोरं शिकतात."

एका वर्षी ते मशीन मनमाडहून आलेल्या तरुण विधवेला मिळालं. पदरात दोन मुली, मागच्या गल्लीत भाड्याची खोली. काही महिन्यांतच तिनं ते विकल्याचं कानावर आलं.

आपांच्या धाकट्या जाऊबाई वरच्या मजल्यावर राहायच्या, आपा त्यांना छोटी म्हणायच्या. त्यांना आयताच विषय मिळाला. "घ्या आपा, तुमची जकात बाजारात गेली!"

"मालकीण आहे ती. विकेल, नाहीतर डोक्यावर घेऊन नाचेल!" आपांनी सुनावलं. पण माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या तेव्हा चहा तसाच निवला. "वहिनी, मुलींची शाळा तर सुटली नसेल ना? चला जाऊन येऊ. विचारायचं काही नाही हं, नुसतं भेटायचं."

दार उघडलं तर आत भट्टीसारखी धग. मोठी शेगडी, तिच्यावर पालथं खापर, आणि ती बाई कोपरापर्यंत पसरलेला मांडा हातांवर फिरवत होती. मुली शाळेच्या कपड्यांतच खात बसलेल्या. आपांना पाहून ती घाबरलीच.

"आपा, शिवण मला जमेना. मांडे आईनं शिकवलेले. लग्नघरची कामं मिळतात आता. मशीन विकून हे सामान घेतलं."

"वेडे, मग आधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठं विचारलं?"

आपा अशा हसल्या की खाटेवर बसाव्याच लागल्या. "खरंच की! मशीन दिलं, पण विचारलंच नाही!" त्या दिवशी आम्ही दोघींनी पोटाला तड लागेपर्यंत मांडे खाल्ले. पुढच्या वर्षापासून आपा आधी विचारू लागल्या. एकीला भाजीची गाडी मिळाली, एकीला पिठाची गिरणी.

आपा आता लेकीकडे सटाण्याला असतात. समोरच्या दाराला कुलूप आहे. पण मला दिसतो तो त्या पुढच्या ईदचा आदला दिवस. ती बाई गव्हाची पिशवी घेऊन दारात उभी. ईदच्या नमाजाआधी ज्याच्या घरी पुरेसं आहे त्यानं गरिबाला धान्य द्यायचं असतं. यंदा तिला ते द्यायचं होतं, आणि कुणाला द्यावं ते ठाऊक नव्हतं.

आपा अनवाणीच जिन्यात धावल्या. "अगं छोटी, बाहेर ये! बघ, बाजारातून काय परत आलंय!"