हजार दाण्यांचं वजन

गहू-ज्वारी ठेवायला कोठी लागते. किस्से मात्र कशाशिवायही साठतात, आणि उसाच्या मुलखात जव पिकवायला निघालेल्या माणसांकडे तर ढिगानं!

बारडोलीच्या बाजूला आमचं प्रयोगाचं शेत आहे. चहूकडे ऊस, मधे आमचा जव, म्हणजे आपला सातू. मी मूळचा धुळ्याचा, इथे नोंदी ठेवतो. यंदा वरून हुकूम आला: हजार दाण्यांचं वजन, म्हणजे दाणा किती पोसला त्याचं माप, गेल्या वर्षापेक्षा जास्त भरलं नाही, तर जव बंद, सगळे उसावर! सात वर्षं या पिकामागे घालवलेल्या आमच्या शास्त्रज्ञ पटेलसाहेबांचा चेहराच उतरला. माझाही उतरला. उसाच्या नुसत्या नावानं माझ्या अंगाला खाज सुटते.

*

लवकर पेरलं तर ऊन तापायच्या आत दाणा भरतो, म्हणून साहेबांना दिवाळी संपताच पेरायचं होतं. ट्रॅक्टरवाले भिखूभाई म्हणाले, "लाभपाचमीच्या मुहूर्ताआधी चावी फिरणार नाही!"

साहेबांनी तापमानाचे तक्ते दाखवले. शेवटी हात जोडले. भिखूभाई हलेनात.

"मुहूर्तावर पेरा, मग बघा कसं येतं!"

"अहो, आणि फेब्रुवारीतल्या उन्हाला थांबायला कोण सांगणार?"

भिखूभाई शांतपणे म्हणाले, "ते तुमचं डिपार्टमेंट!"

*

याच भिखूभाईंचा सगळा जन्म उसात गेलेला. युरिया टाकायला सांगितला तर त्यांनी उसाच्या हातानं टाकला. जव असा काही वाढला, की वाऱ्याची एक झुळूक आली आणि अख्खा वाफा आडवा! आडव्या पिकात दाणा पोसत नाही. साहेब ओरडले, "एवढा युरिया कशाला?"

"बिचारं अशक्त दिसत होतं हो!"

बाकीचे वाफे वाचले, कारण तोवर गोणी संपली होती.

*

ओंब्या भरायला लागल्या आणि पोपट आले. मी सुरतेच्या मार्केटमधून साड्यांचे डॅमेज तुकडे आणले आणि शेतभर दोऱ्या बांधून लटकवले. जरीचे, टिकल्यांचे, झगमगीत! पोपट पळाले. पण दुसऱ्याच दिवशी बांधावर दोन रिक्षा थांबल्या आणि सात-आठ बायका उतरल्या.

"सेल किती वाजेपर्यंत आहे?"

*

फेब्रुवारीत ऊन तापलं. शेवटचं पाणी द्यायचं की नाही, यावर साहेब मला घेऊन वाफ्यात उभे राहून आकडेमोड करत होते. आमच्याकडे निंदणीला येणाऱ्या नंदुरबारकडच्या सुमनबाई ऐकून ऐकून कंटाळल्या.

"साहेब, दाना आजून दूधमा शे. पानी द्या!"

"बाई, रिपोर्ट येऊ दे."

सुमनबाईंनी एक दाणा तोडला आणि साहेबांसमोर दाबला. पांढरी चिळकांडी थेट साहेबांच्या चष्म्यावर!

"हाऊ ल्या रिपोर्ट!"

साहेबांनी चष्मा पुसला आणि पाणी सोडलं.

*

कापणी, मळणी झाली. दाणे मोजायचं काम गोविंदकाकांचं. काका सुरतेतल्या कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. नजर अजून तीच, चिमटाही तोच. हजार दाणे मोजून त्यांनी वाटी काट्यावर ठेवली. वजन गेल्या वर्षीपेक्षा थोडं जास्तच! साहेबांनी मला मिठी मारली. सुमनबाई पेढे आणायला निघाल्या.

तेवढ्यात साहेबांना काकांच्या कोपरापाशी बारक्या, सुरकुतलेल्या दाण्यांचा एक छोटा ढीग दिसला.

"काका, हे काय?"

"ए तो रिजेक्शन छे, साहेब! असला माल कोणी तोलतं का?"

साहेब खुर्चीत बसले. माणूस सच्चा. हळूच म्हणाले, "सगळे एकत्र करा. डोळे मिटून उचला आणि मोजा."

काकांनी मोजले. वजन चांगलंच घसरलं. गेल्या वर्षीच्या जवळपासही नाही. साहेबांनी तोच आकडा फॉर्मवर लिहिला. मला फार वाईट वाटलं. जव संपला, असंच सगळ्यांना वाटलं.

काका चिमटा पुसून डबीत ठेवत होते. सगळ्यांची तोंडं बघून ते बुचकळ्यात पडले.

"एवढं काय झालं, साहेब? गेल्या वर्षी पण मीच मोजले होते, रिजेक्शन काढूनच. तेव्हा तर तुम्ही शाबासकी दिलीत!"