मोटारीची फुंकणी

माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या गावाचे कपडे धुण्याचं काम. आम्ही वरठी. कसलाही डाग काढून दाखवू, ही आमच्या घरांची ऐट, आणि त्या ऐटीत मी माझा संसार बुडवला. हे मी कुणावर ढकलत नाही. ढकलायला दुसरं कुणी नाहीच.

अठ्ठावन्न-एकोणसाठ सालचा सुमार असेल. पांढरकवड्याला माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या ह्यांचं मन नदीच्या घाटावर कधी रमलं नाही. हैदराबाद रस्त्यावर बंद पडलेल्या ट्रकांखाली शिरून ते मोटारीचं काम शिकले होते. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "बापाचा घाट सोडून लोकाईच्या गाड्याईखाली लोळते हा!" त्यांचं ऐकून मला राग येई, कारण ट्रकखालून बाहेर निघालेला तो काळा चेहरा इतका खूश असे की घाटावर मी तसा कधी पाहिला नव्हता.

कापसाच्या जिनिंगच्या शेठजींनी कुठल्याशा नवाबाकडून एक जुनी विलायती मोटार घेतली होती. तिच्या इंजिनाला एक जास्तीचं यंत्र होतं, आत जोरानं हवा कोंबणारं. शेठजी त्याला सुपरचार्जर म्हणत. आमच्या घरात त्याचं नाव फुंकणी पडलं, कारण फुंकणी चुलीला जे करते तेच ते इंजिनाला करी. मोटार चढावर दम टाकायला लागली तसं शेठजींनी ह्यांना बोलावलं. फुंकणी साफ करून बसव, मोटार नागपूर रस्त्याचा चढ चढली की तू माझा कायमचा ड्रायव्हर आणि मिस्त्री, राहायला आवारात खोली. नाही चढली तर घाट तुझी वाट पाहतोच आहे, असं ते हसत हसत म्हणाले.

जिनमध्ये सगळीकडे रुई उडते, म्हणून ह्यांनी फुंकणी घरी आणली. स्वयंपाकघरात धोतर अंथरून ती खोलली. एकेका बोल्टासाठी एकेक वाटी. चार दिवस आम्ही वरण ताटातच ओतून घेतलं. कपड्यांवर आम्ही बिब्ब्यानं खुणा करतो, कुणाचा कपडा कुठला ते कळावं म्हणून. तशाच खुणा ह्यांनी दातेरी चाकांवर केल्या, कुठला दात कुठल्या खाचेत बसतो ते कळावं म्हणून. आपल्या धंद्याची विद्या मोटारीच्या कामी आली म्हणून ते हरखून गेले होते.

आतून दोन लांबट तुकडे निघाले, डमरूसारखे, काळेकुट्ट, तेलानं चिकट झालेले. "हे दोघं एकमेकाच्या अंगाले अंग न लावता फिरते," त्यांनी मला समजावलं. "मधात बिडीच्या कागदाएवढी जागा. त्याच्यावर जादा झाली का हवा मागं पळते." बेअरिंग आणायला ते नागपूरला निघाले. जाताना म्हणाले, "घासलेटानं पुसून ठेव फक्त."

मी पुसलं. काळं हटेना. एका वरठ्याच्या पोरीला डाग भारी पडावा? मी अंगणात भट्टी पेटवली, कपड्यांच्या मोठ्या सतेल्यात धुण्याचा सोडा उकळला आणि ते दोन्ही डमरू त्यात सोडले. पाणी नुसतं फसफसलं. बुडबुडे बघून मला वाटलं, मळ सुटून राहिला. दिवसभर उकळू दिलं. बाहेर काढले तेव्हा अंगावर काजळी होती आणि कडा जरा खरबरीत. मग चिंच लावली, विटेची वस्त्रगाळ पूड लावली, बोटांची सालं निघेपर्यंत घासलं. असे चमकले की त्यात मला माझं कुंकू दिसलं.

हे परत आले आणि बघतच राहिले. "माय, पाहा तुही सून," सासूबाईंना हाक मारून म्हणाले, "आरसा केला हिनं." माझं एवढं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं.

फुंकणी बसवायला घेतली आणि जागा जुळेना. जवळ आणावं तर एका बाजूला घासे, दूर करावं तर दुसऱ्या बाजूला फट पडे. खोललं, बसवलं, पुन्हा खोललं. "खुणाच चुकल्या माह्या," ते म्हणू लागले. चौथ्यांदा खोलताना एक डमरू हातावर तोलत सहज बोलले, "केवढं हलकं हाय. अख्खं जर्मनचं."

माझ्या हातातली परात खाली पडली. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यात सोडा उकळू नये, सोडा जर्मनला खातो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या काळ्या थराखाली जर्मन असेल हे मला सुचलंच नव्हतं. मी त्यांची फुंकणी उकळून खाल्ली होती.

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. माहेरी पाठवतील ही भीती होती, पण खरं सांगते, त्याहून मोठी गोष्ट तो आरसा होता. ते कौतुक मला परत द्यायचं नव्हतं.

अखेर ह्यांनी फुंकणी होती तशीच बसवली. मोटार सुरू झाली, चढाच्या अर्ध्यात धापा टाकून थांबली. शेवटी बैलजोडी लावून परत आणावी लागली. बाजाराचा दिवस, अर्धा गाव बघायला. मी गर्दीत मागे उभी होते. शेठजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "सच बोल, पुर्जा खराब होता का तू बसवला खराब?" हे खाली बघत म्हणाले, "पुर्जा बरोबर होता शेठजी. माह्याच हातानं चुकलं." तोंड उघडायला मला तेवढी एक घटका मिळाली होती. मी पदर तोंडात कोंबून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ते घाटावर गेले. मी समजूत काढली, ट्रकवाले बोलावतात तर जा की. म्हणाले, "ह्या हाताईले थे काम नाई जमत." पुढे कुणाच्या सायकलची साखळी उतरली तरी ते हात लावत नसत. सासूबाई समाधानी झाल्या. मला ह्यांच्याकडे बघवत नसे.

चार वर्षं मी ते पोटात ठेवलं. एका दुपारी घाटावर आम्ही दोघंच होतो. शेठजींची मोटार पुलावरून झपकन गेली. नागपूरचा मिस्त्री ठेवला होता त्यांनी. मला राहवलं नाही. सोडा, भट्टी, चिंच, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मारा मला.

त्यांनी मारलं नाही. स्वतःच्या ओल्या हातांकडे बघितलं. मग विचारलं, "तवाच काहून नाई सांगतलं?"

"भ्यायली होती मी."

"सोड्याचं काई नाई व," ते म्हणाले. "कोनाच्याबी हातून झालं असतं. नागपूरवाल्यानं थे फुंकणी काढूनच टाकली. तिच्याबिगर चालते मोटार, चढबी चढते. मले मालूम असतं का पुर्जाच गेला, त मीबी तेच केलं असतं. मी तर चार वर्सं ह्या हाताईलेच शिव्या देऊन राह्यलो."

मला रडू आलं, पण रडायचा हक्क माझा नव्हता. ते उठले आणि पाण्यातून शेठजींच्याच घरची मोठी चादर उचलली. एकट्याला ती पिळता येत नाही. त्यांनी एक टोक माझ्याकडे फेकलं. मी ते धरलं, आणि ते त्यांच्या बाजूनं पिळू लागले.