माहेरचा पाळणा

भैरू सुतार पाण्याला भितो, हे भूगावात त्याच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नव्या इमारतींच्या बाराव्या मजल्यावर तो बिनधास्त चढायचा, पण मुळशी धरणातल्या लाँचचं नाव काढलं की त्याला नेमकी कामं आठवायची. लेक अपेक्षा पलीकडच्या वाडीत दिलेली. तिकडं रस्ता नाही, लाँचच. लग्नाला सहा वर्षं झाली, भैरू एकदाही गेला नव्हता.

आता मात्र सुटका नव्हती. नातीचं बारसं दुपारी बाराला, आणि पाळणा माहेरचाच हवा. भैरूनं तो स्वतःच्या हातानं सागवानाचा केला होता. बायको जया बाळंतपणाला आधीच पुढं गेली होती.

दहाची लाँच साडेअकरा झाले तरी काठालाच!

"शंभू, सोड की आता!" भैरू लाँचवाल्यावर ओरडला.

"दोन मानसं येत्यात काका. फोन आलाय त्यांचा."

दोन माणसं आली ती शेळी घेऊन. शेळीनं पाळण्यातल्या नव्या दुपट्याला तोंड घातलं आणि भैरूचा पारा चढला. लाँच हलली तशी पाळण्याची दांडी आवळून तो बसला. निम्म्यात इंजिन बंद पडलं.

"पंख्यात जाळं गुतलंय," म्हणत शंभू सुरी घेऊन वाकला. लाँच एका अंगाला कलली. भैरूनं डोळे मिटले आणि शंभूला, शेळीला, हे स्थळ आणणाऱ्या मेव्हण्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

उतरेपर्यंत सव्वा वाजला. पाळणा डोक्यावर घेऊन धापा टाकत तो दारात पोचला, तर बायका घुगऱ्या घेऊन परत निघालेल्या. आत शेजारणीच्या लोखंडी पाळण्यात नात गाढ झोपली होती.

"थोडं थांबला न्हाईत? ती मेली लाँच! त्यो शंभू..."

"ह्यो पाळणा कालच मागून आनलाय, आबा," अपेक्षा म्हणाली. "तुमी येनार म्हनून आई सांगत हुती. मलाच खरं वाटंना."

भैरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल तर लाँचला उशीर झाला नव्हता. तोंडातल्या शिव्या त्यानं गिळल्या, पाळणा खाली ठेवला आणि कपाळाचा घाम पुसला.

"आढ्याला कड्या हायेत का?" त्यानं खाली मान घालून विचारलं.

"हायेत की. घर बांधतानाच बसवून घेतल्यात," अपेक्षा म्हणाली. "त्यो लोखंडी भुईवर ठेवला. कड्या मोकळ्याच ठेवल्यात."