गाळलेले सूर

जॅझ ऐकायला लागलो तेव्हा मला भरधाव वाजवणारे पियानोवादक आवडायचे. ऐकता ऐकता आपल्यालाच दम लागावा, असे. मग एका दुपारी पणजीत पियानो वाजवणाऱ्या एमिलियाबाईंची तालीम ऐकायला मिळाली. बाई सत्तरीच्या. मोडलेलं मनगट नुकतंच जुळलेलं, आणि संध्याकाळी कार्यक्रम. जमेल ना, ही धास्ती साथीदारांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

त्या एक जुनी, ओळखीची चाल वाजवत होत्या, पण मधले कितीतरी सूर वाजतच नव्हते. एखादा गवई समेच्या अलीकडे थांबतो आणि सम आपण मनातल्या मनात गाठतो, तसं होत होतं. अर्धी चाल त्या वाजवत होत्या, अर्धी मी.

तालीम संपल्यावर मी विचारलं, "हात दुखतो म्हणून सूर गाळता का?"

"आधी त्यासाठीच गाळले," त्या म्हणाल्या. "आता कळत नाही, हात गाळतो की कान."

"गाळलेले सूर नुसते ऐकवाल?"

त्यांना गंमत वाटली. जरा आठवून त्यांनी तेवढेच सूर वाजवले. त्यांतून चाल काही ओळखू येईना.

"इतकी वर्षं मी हे सगळं वाजवत होते होय," असं म्हणत त्यांनी ते पुन्हा वाजवले, या वेळी स्वतःला ऐकण्यासाठी.

संध्याकाळी कार्यक्रमात त्यांनी त्या गाळलेल्या सुरांतला एकच सूर चालीत परत घेतला. तो आला तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी हलकेच डोळे मिटले.